गप्प राहिलात, ती अहिंसा होती का?

प्रश्न:

मी बरीच वर्षं योगाभ्यास करते. सुरुवात पाठदुखीसाठी आसनांनी झाली, पुढे गोडी लागली, योगशिक्षिकेचा अभ्यासक्रमही पूर्ण केला. पतंजलींच्या योगसूत्रांच्या एका वाचनगटात जाते. तिथे यम-नियम, म्हणजे अहिंसा, सत्य, अपरिग्रह यांसारखी आचरणाची व्रतं, वाचली तेव्हा वाटलं, हे नुसतं वाचून सोडायचं नाही, घरात आचरायचं.

आई माझ्याकडे असते. सात महिन्यांपूर्वी ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन घरात फिरते, पण रात्री बाथरूमला जाताना सोबत लागते. रात्रीतून दोन-तीनदा मी उठते. माझी मोठी बहीण, ताई, दुसऱ्या गावी असते. ऑपरेशननंतर ती दोनदा येऊन गेली. फोन मात्र रोज करते आणि सूचना देते: आईला उन्हात बसव, व्यायाम करून घे, डॉक्टर बदल. मला राग यायचा. पण अहिंसा पाळायची असं ठरवल्यामुळे मी तो गिळायचे. तिने 'कसं चाललंय?' विचारलं की 'सगळं ठीक आहे' म्हणायचे.

मागच्या महिन्यात ताईने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, 'व्हिडिओ कॉलवर आई बारीक झालेली वाटली. खाण्याकडे लक्ष आहे ना?' माझा बांध फुटला. त्या रात्री मी ग्रुपवरच लिहिलं, 'सात महिन्यांत तू दोनदा आलीस. तुला आईची कधी पर्वाच नव्हती. सगळे हेच म्हणतात, फक्त तुझ्या तोंडावर कुणी बोलत नाही.' आणखीही बरंच होतं. एका मावसभावाने त्याखाली ताईला टोमणा मारला, त्याला मी अंगठा दिला. ताई ग्रुपमधून बाहेर पडली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. ती आता थेट आईच्या मोबाइलवर फोन करते. परवा तिचा वाढदिवस होता. मुलीने विचारलं, 'मावशीला फोन करू का?' मी म्हटलं, काही गरज नाही.

नवरा म्हणतो, 'एवढा योग करून उपयोग काय?' ते फार लागलं. अहिंसा पाळत होते तेव्हा आतल्या आत जळत होते, आणि सत्य बोलले तर अहिंसा मोडली. दोन्ही एकदम पाळता येत नसतील तर मोठं कुठलं? ताईकडून अपेक्षाच न ठेवणं, हाच अपरिग्रह (काही साठवून न ठेवणं) का? पुढच्या महिन्यापासून मी नवा वर्ग घेणार आहे. यमांवर बोलायला मला तोंड आहे का?

– नाव न छापण्याच्या अटीवर, एक वाचक

उत्तर:

प्रिय मैत्रीण,

सात महिने तुम्ही सलग झोपलेल्या नाहीत. पत्रात हे एका ओळीत येऊन जातं, जणू ती ओळ महत्त्वाची नाही. मला ती फार महत्त्वाची वाटते आणि मी तिच्याकडे परत येणार आहे. आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचं बघू.

सत्य मोठं की अहिंसा, असं तुम्ही विचारता. तुमचं पत्र दोन-तीनदा वाचल्यावर मला असं दिसतं की तुमच्या बाबतीत या दोघांची टक्कर झालीच नाही. गप्प होतात त्या सात महिन्यांत दोन्ही मोडत होती, आणि मेसेज लिहिलात त्या रात्रीही दोन्ही मोडली. हे ऐकायला कठोर आहे याची मला कल्पना आहे. पण यातच तुमची सुटकाही आहे, कारण मग दोघांपैकी एकाला सोडण्याची वेळ तुमच्यावर येत नाही.

अहिंसेची व्यासभाष्यातली, म्हणजे योगसूत्रांवरच्या जुन्या विवरणातली, व्याख्या तुमच्या वाचनगटात झाली असेल: सर्व प्रकारे, सर्व काळी, सर्व प्राणिमात्रांविषयी अनभिद्रोह. कुणाविषयी मनात द्रोह नसणे. व्याख्येत न बोलण्याचा उल्लेख नाही, नमतं घेण्याचा नाही, समोरच्याला बरं वाटेल तेवढंच सांगण्याचाही नाही. ताईचा फोन ठेवल्यावर तुमच्या मनात काय चालत होतं, ते तुम्हीच लिहिलंय: जळत होते. द्रोह होता, फक्त त्याला आवाज नव्हता. आणि 'सर्व प्राणिमात्र' म्हणताना भाष्यकाराने तुम्हाला वगळलेलं नाही. रात्री तीनदा उठून सकाळी हसत 'सगळं ठीक आहे' म्हणणारी बाईही त्या सर्वांतलीच एक आहे, आणि तिच्याशी तुम्ही बऱ्यापैकी निर्दयपणे वागलात.

आता सत्य. 'सगळं ठीक आहे' हे खरं नव्हतं. हे वाक्य सात महिन्यांत किती वेळा म्हटलं असेल ते आठवून बघा. ताई रोज विचारत होती आणि तुम्ही रोज तिला चुकीची माहिती देत होतात. त्या माहितीवरच तिने ठरवलं की आपण फोनवर चार गोष्टी सुचवल्या तरी पुरे, बाकी धाकटी समर्थ आहे. ताईने यायला हवं होतं, न सांगता समजून घ्यायला हवं होतं, हे मला मान्य आहे. मोठ्या बहिणीकडून ती अपेक्षा रास्त आहे. पण तिला कळण्याची जी सरळ वाट होती ती तुम्हीच बंद करून ठेवली होती.

त्या रात्रीच्या मेसेजकडे जरा जवळून बघू. सत्य म्हणजे काय हे सांगताना भाष्यकार म्हणतो, जसं पाहिलं, जसं अनुमान केलं, जसं ऐकलं, तशीच वाणी आणि तसंच मन. पाहिलेलं, अनुमानलेलं, ऐकलेलं. योगायोगाने तुमची तीन वाक्यं याच क्रमाने आली आहेत. 'सात महिन्यांत तू दोनदा आलीस': हे पाहिलेलं आहे, बरोबर आहे, त्यावर कुणी वाद घालू शकत नाही. 'तुला आईची कधी पर्वाच नव्हती': हे अनुमान आहे. जी रोज फोन करते, स्क्रीनवर आईचा चेहरा बघून जिला ती बारीक झाल्यासारखी वाटते, तिला पर्वा नाही हे अनुमान कशावरून? त्यात 'कधी' हा शब्द घालून तुम्ही सात महिन्यांचा राग तिच्या सगळ्या आयुष्यावर पसरवलात. 'सगळे हेच म्हणतात': हे ऐकलेलं. कुणाकडून ऐकलं? सगळे म्हणजे बहुधा एखाद-दोन माणसं, आणि तीही तुमच्यासमोर तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोललेली. म्हणजे तीनपैकी एक वाक्य सत्य होतं. उरलेल्या दोघांना तुम्ही त्याच्या पाठीमागून आत सोडलंत. घरातल्या भांडणांत 'मी फक्त खरं बोलले' असं जेव्हा म्हटलं जातं तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

तिथेच पुढे भाष्यकार आणखी एक अट घालतो. बोलणं प्राणिमात्रांच्या हितासाठी असावं. यथार्थ असूनही ज्याने केवळ घात होतो ते सत्य ठरत नाही, पापच होतं. म्हणून तो म्हणतो, पारखून घेऊन, सगळ्यांच्या हिताचं सत्य बोलावं. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय, तिथेही हीच चौकट आहे: उद्वेग न आणणारं, सत्य, प्रिय आणि हिताचं. यातलं हित तपासायचं तर एकच प्रश्न पुरतो: हे बोलल्यानंतर काय व्हावं असं मला वाटतंय? त्या रात्री तुम्हाला काय हवं होतं? ताईने यावं, असं वाटत असतं तर मेसेज तिला एकटीला गेला असता. तो ग्रुपवर गेला, कारण त्या क्षणी तुम्हाला मदत नको होती, साक्षीदार हवे होते. दमलेल्या माणसाला असं वाटतं. मी तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पण हे ओळखल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येणार नाही.

योगसूत्रांच्या दुसऱ्या भागातलं, साधनपादातलं, चौतिसावं सूत्र तुमच्या पत्रावरच लिहिल्यासारखं आहे. हिंसा तीन वाटांनी होते, असं पतंजली म्हणतात: आपण केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केली तिला आपण मान डोलावलेली. कृत, कारित, अनुमोदित. तिच्यामागे लोभ, क्रोध किंवा मोह असतो, आणि ती सौम्य, मध्यम किंवा तीव्र असते. व्यासभाष्यात याचा गुणाकार करत नेऊन हिंसेचे 81 प्रकार मोजले आहेत. मेसेज तुम्ही लिहिलात, ती कृत. त्याबद्दल तुम्हाला वाईट वाटतंय. पण मावसभावाच्या टोमण्याला दिलेला अंगठा पत्रात सहज येऊन जातो, आणि मुलीला 'काही गरज नाही' म्हणणंही. ती अनुमोदित आणि ही कारित. मला विचाराल तर या तिघांत सगळ्यात जड ती शेवटची आहे. मेसेज दोन प्रौढ बहिणींमधला होता. तुमच्या मुलीचं मावशीशी स्वतःचं असं एक नातं आहे, आणि ते तुमच्या भांडणात तुम्ही तिच्या हातून काढून घेतलंत. अस्तेयाचा, म्हणजे चोरी न करण्याचा, विचार करताना आपण वस्तू आणि पैसे यांपाशी थांबतो. एका मुलीचा मावशीला फोन करण्याचा आनंदही घेता येतो. आजच तिला सांगा की तू मावशीला फोन कर, उशिरा का होईना. आणि तो फोन तुमचा निरोप पोचवण्यासाठी वापरू नका.

अपरिग्रहाचं तुम्ही विचारलंत, ते मला वेगळ्या बाजूने बघावंसं वाटतं. ताईकडून अपेक्षाच न ठेवणं म्हणजे अपरिग्रह का? माझं उत्तर आहे, नाही. आईची जबाबदारी दोन मुलींची आहे. त्यातला वाटा मागणं हा लोभ नाही, आणि तो न मागता आत धुमसत राहणं हे वैराग्य नाही. तुमचा परिग्रह दुसरीकडे आहे. विषय, म्हणजे उपभोगाच्या वस्तू, का साठवू नयेत याची पाच कारणं भाष्यकार देतो: ते मिळवण्याचे कष्ट, राखण्याचे कष्ट, ते संपण्याचं दुःख, त्यांची ओढ, आणि त्यांच्यापायी होणारी हिंसा. हीच पाच कारणं तुमच्याकडच्या तक्रारींच्या साठ्याला लावून बघा. प्रत्येक फोनमधून एक तक्रार तुम्ही मिळवत होतात. ती विसरू नये म्हणून रात्री पडल्या पडल्या पुन्हा उजळत होतात. ताई एखाद्या दिवशी प्रेमाने बोलली की आतून थोडं खट्टूही वाटत असेल, कारण साठ्यातलं काहीतरी कमी होत होतं. ओढ तर होतीच. आणि शेवटी हिंसाही झाली. एवढी शिस्तबद्ध साठवण चालू असताना 'मी अपेक्षा ठेवत नाही' असं म्हणण्याला अर्थ राहत नाही.

त्या साठ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट आहे का, ते तुम्ही शांतपणे तपासा. 'आईला सांभाळणारी मुलगी मी.' हे तुमचं खरं आणि मोठं काम आहे. पण ते आपलंच राहावं, त्यात वाटेकरी नको, असंही कुठेतरी वाटत असेल का? मदत मागितली असती तर मदत आली असती, आणि मग तक्रारही गेली असती आणि तो एकटेपणाचा मानही. मला याचं उत्तर माहीत नाही. तुम्हाला कळेल.

शौच (शुद्धता), तप, ब्रह्मचर्य या बाकीच्या यम-नियमांबद्दल आज काही लिहीत नाही, तुमचा प्रश्न तिथला नाही. संतोषाबद्दल एवढंच की तो परिस्थिती तशीच ठेवण्यासाठी वापरू नका. रात्रीची झोप मागणाऱ्या माणसाला संतोषाचा उपदेश करू नये, स्वतःलाही करू नये.

तुमच्या वर्गाचं. एकतिसावं सूत्र म्हणतं की यमांना जाती, देश, काळ, समय (म्हणजे प्रसंग) यांची मर्यादा नसेल तेव्हा ते सार्वभौम महाव्रत होतात. भाष्यातली उदाहरणं फार बोलकी आहेत: कोळी म्हणतो मी फक्त मासेच मारीन, कुणी म्हणतो तीर्थाच्या जागी मारणार नाही, कुणी म्हणतो चतुर्दशीला मारणार नाही, क्षत्रिय म्हणतो फक्त युद्धातच मारीन. अशी सूट प्रत्येकाच्या अहिंसेत असते. तुमची कुठली आहे? विद्यार्थ्यांशी शांत, शेजाऱ्यांशी शांत, ताई सोडून. ही सूट डोळ्यांसमोर आली, हे वर्ग घेण्याच्या दृष्टीने तुमच्या फायद्याचं आहे. यमांवर निर्दोष माणसानेच बोलायचं ठरवलं तर कुणीच बोलणार नाही.

सूत्रांची मांडणीही हेच सांगते. तीस ते बत्तीस या सूत्रांत यम-नियम सांगितले आहेत. पस्तिसाव्यापासून ते दृढ झाल्यावर काय मिळतं ते येतं: अहिंसेच्या सान्निध्यात वैर गळून पडतं, वगैरे. आणि मध्ये, तेहतीस-चौतीसमध्ये, काय आहे? उलटे विचार त्रास देऊ लागले तर काय करायचं ते. म्हणजे व्रत घेतलेल्या माणसाच्या मनात हिंसा, असत्य, लोभ उसळणार हे पतंजलींनी धरूनच ठेवलंय. भाष्यात त्या माणसाच्या मनातले विचार अगदी त्याच्याच तोंडी दिलेत: ज्याने माझं वाईट केलं त्याला मी मारीन, खोटंही बोलेन, त्याचं धनही घेईन. तुमची त्या रात्रीची अवस्था यापेक्षा वेगळी नव्हती. आसनाला सगळ्या योगसूत्रांत तीन सूत्रं आहेत आणि यम-नियमांना तीसपासून पंचेचाळीसपर्यंत सोळा. काम किती मोठं आहे याचा अंदाज त्यावरून यावा. तेव्हा वर्ग जरूर घ्या. ताईचा विषय तिथे काढू नका, ते तिचं खासगी आहे. पण तेहतिसावं सूत्र शिकवताना घाईने पुढे जाऊ नका.

त्या सूत्राने सांगितलेला उपाय प्रतिपक्षभावनेचा, म्हणजे उलट बाजू मनात आणण्याचा, आहे. याचा अर्थ बळेबळे गोड विचार करणं असा घेतला जातो, राग आला की 'माझी ताई किती चांगली' असं घोकायचं. ते टिकत नाही, कारण मन त्याला फसत नाही. पतंजलींनी प्रतिपक्ष काय तेही तिथेच दिलंय: याचं फळ अनंत दुःख आणि अज्ञान आहे, हे डोळ्यांसमोर आणणं. म्हणजे राग उसळला की त्याचा पुढचा प्रवास बघायचा. हा मेसेज पाठवला तर उद्या सकाळी काय? आई विचारेल, ताईचा फोन तुला का येत नाही, तेव्हा काय सांगणार? मुलगी काय शिकेल? हे सगळं तुम्ही आता भोगताच आहात, त्यामुळे कल्पनाही करावी लागणार नाही. व्यवहारात याचं साधं रूप असं: राग आलेला असताना लिहायचं असेल तर लिहा, पण व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नको, वहीत लिहा. सकाळी वाचा. जे पाहिलेलं आहे तेवढंच ठेवा, बाकी खोडा. जे उरेल ते त्याच माणसाला, एकट्याला सांगा.

आता ती राहिलेली ओळ. झोप. इतके दिवस अर्धवट झोपून कुणाचाही संयम शाबूत राहत नाही, मग तो कितीही ध्यान करो. म्हणून यम पाळायचे तर पहिलं काम रात्रीची व्यवस्था बदलणं हे आहे, आणि त्याला मी योगाबाहेरचं मानत नाही. कॉटशेजारी कमोडची खुर्ची ठेवता येईल का, ते आईंच्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारा; बाथरूमपर्यंतची प्रत्येक फेरी वाचली तर पडण्याचा धोकाही कमी होतो. रात्रीसाठी एखादी मदतनीस ठेवता येईल का ते बघा. आणि तुमचा नवरा. पत्रात तो एकदाच येतो, योगाचा उपयोग विचारायला. रात्री तो उठतो की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. उठत नसेल तर आठवड्यातल्या काही रात्री त्याच्याकडे मागा, सरळ शब्दांत. त्यालाही तुम्ही 'ठीक आहे'च सांगत असाल अशी मला दाट शंका आहे.

आणखी एक, आणि हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. ताईचा मूळ प्रश्न या सगळ्या गदारोळात हरवला. आई बारीक झाल्या आहेत का? उतारवयात खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झाल्यावर भूक मंदावणं, वजन उतरणं, स्नायू झिजणं हे पुष्कळदा होतं, आणि रोज समोर असणाऱ्या माणसाला ते दिसत नाही. दुरून, अधूनमधून बघणाऱ्याला दिसतं. ताईने विचारलं ते कदाचित चुकीच्या जागी, चुकीच्या सुरात विचारलं. पण तुमच्यावर आरोप म्हणून ते बाजूला ठेवून आईंचं वजन करा आणि डॉक्टरांना सांगा. ताई बरोबर निघाली तर तसं तिला कळवा.

दूर राहणाऱ्या मुलीच्या हातात फोनशिवाय काही नसतं, म्हणून ती सूचना देते. तिला स्वतःची अपराधी भावना असते, ती सूचनांच्या रूपात बाहेर पडते. पहिल्या पादातल्या तेहतिसाव्या सूत्रात मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा अशा चार वृत्ती सांगितल्या आहेत. त्यातली करुणा दुःखी माणसासाठी आहे. ताई या प्रसंगात दुःखी माणूस आहे, हे तुमच्या नजरेतून सुटलंय असं मला वाटतं. त्याने तिचा वाटा कमी होत नाही. तो तिने उचलायलाच हवा.

तर तिला फोन करा. मेसेज नको. पहिली दोन-तीन वाक्यं मी सुचवते, तुमच्या भाषेत बदलून घ्या: 'ताई, तुला आईची पर्वा नाही असं मी लिहिलं, ते खरं नव्हतं. सगळे म्हणतात असं लिहिलं, तेही खरं नव्हतं. सगळ्यांसमोर लिहिलं, त्याबद्दल माफ कर.' इथे थांबा. 'पण तूही' हे शब्द येऊ देऊ नका. तिला बोलू द्या, कदाचित ती रागावेल, ऐकून घ्या. मग दुसरी गोष्ट सांगा, तीही तितकीच खरी आहे: 'इतके महिने मी सगळं ठीक आहे म्हणत होते, ते ठीक नव्हतं. मी रात्री तीनदा उठते. मी फार दमलेय. मला महिन्यातून काही रात्री पूर्ण झोप हवी आहे. तू येऊन राहशील का, नाहीतर रात्रीच्या मदतनिसाचा खर्च आपण दोघी वाटून घेऊ या का?' मागणी मोजता येईल अशी ठेवा. 'जरा लक्ष दे' याला कुणी हो म्हणेल आणि काहीच करणार नाही. 'पुढच्या महिन्यात आठ दिवस ये' याला हो किंवा नाही असं उत्तर द्यावं लागतं.

आणि हे बोलण्याआधी आईंना विचारा. त्यांच्याबद्दल दोन मुली भांडतायत आणि त्यांना काय हवंय हे पत्रात कुठेच नाही. त्यांना ताईकडे काही दिवस जायला आवडेल का, रात्री परक्या बाईची सोबत चालेल का, हे त्यांनीच सांगायचं आहे. त्यांच्या मोबाइलवर ताईचा फोन येतो तेव्हा तुमच्या घरातलं मौन त्यांना कळत नसेल असं समजू नका.

ग्रुपवर जे लिहिलंत ते ग्रुपवरच मागे घ्या, दोन ओळींत, स्पष्टीकरण न देता. ताईशी बोलणं झाल्यावर, तिला विचारून. मावसभावाला दिलेला अंगठाही काढा. तेवढ्या छोट्या गोष्टीचाही परिणाम होतो, कारण ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. ताईला ग्रुपमध्ये परत घ्यायची घाई मात्र करू नका, ते तिच्या मनावर सोडा.

ती फोन उचलणार नाही, असंही होऊ शकतं. किंवा माफी ऐकून घेईल आणि यायला नाही म्हणेल. तेव्हा तिला पुन्हा पुन्हा फोन करून तिच्याकडून क्षमा वसूल करू नका. एक पत्र लिहा, वर सुचवलेलं, तेवढंच. वजनाचा आकडा आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिला नेमाने कळवत राहा, कारण ती आईंची मुलगी आहे आणि तो तिचा हक्क आहे. आणि रात्रीची व्यवस्था तिच्या उत्तरासाठी थांबवू नका. मदतनिसाची चौकशी याच आठवड्यात सुरू करा.